पेंटबॉल डोळ्याला लागून गेला, आता पुढं काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रंगपंचमीच्या फुग्यांनी डोळ्याला होणाऱ्या इजांवर लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं फुग्यांची नव्हतीच, पेंटबॉलची होती, म्हणजे बंदुकीतून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या त्या खेळाची. कंपनीची सहल, कॉलेजचा ग्रुप, कुणाचा वाढदिवस, आपली पोरं पुण्या-लोणावळ्याकडं जातात, तिथं हा खेळ असतो आणि लागलेला मार घेऊन सोलापूरला परत येतात. आता सुट्ट्या लागतायत म्हणून या वेळचा सगळा रकाना याच पत्रांना दिलाय. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते पूर्ण वाचा, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारलाय.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी रेल्वेत आहे. मुलगा २० वर्षांचा, असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करतोय. सात-आठ महिन्यांपूर्वी मित्रांबरोबर सहलीला गेला होता, तिथं पेंटबॉल खेळताना मास्कवर वाफ धरली म्हणून पुसायला वर केला आणि तेवढ्यात उजव्या डोळ्यात गोळी बसली. डोळ्यात रक्त साठलं होतं, तिथल्याच डॉक्टरांनी थेंब दिले, पंधरा-वीस दिवसांत उतरलं. आता तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो. पण रात्री होटगी रोडला समोरनं ट्रक आला की त्या डोळ्याला लाईट सहन होत नाही म्हणतो, कधी कधी काळे ठिपके फिरतात आणि त्याच्या आईला त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसते. सगळे म्हणतात सहा महिने झाले, आता काही होत नसतं. खरं आहे का? रेल्वेच्या मेडिकलला अडचण येईल का? – एक वडील, रेल्वे कॉलनी

उत्तर : दादा, "सहा महिने झाले, आता काही होत नसतं" हे खरं नाही, हे आधी सरळ सांगते. आणि घाबरवायला सांगत नाहीये, तपासणी वेळेवर झाली तर यातलं बरंचसं सांभाळता येतं म्हणून सांगतेय.

आधी हा मार कसा असतो ते बघा. पेंटबॉलची गोळी साधारण १७ मिलिमीटरची, वजन ३ ग्रॅमच्या आसपास, हातात घेतली तर मऊ लागते, म्हणून लोकांना वाटतं याच्यानं काय होणार. पण बंदुकीतून ती सेकंदाला २८० ते ३०० फूट वेगानं सुटते, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. क्रिकेटचा सीझन बॉल सात सेंटिमीटरचा असतो, तो तोंडावर आला तर भुवईचं हाड आणि गालाचं हाड बराचसा मार खातात. डोळ्याची खोबण साधारण चार सेंटिमीटर रुंद, त्यात ही पावणेदोन सेंटिमीटरची गोळी हाडाला न लागता थेट बुबुळावर बसते. डोळा क्षणभर पुढून मागे दाबला जातो आणि बाजूंनी फुगतो, त्या ताणात आतल्या नाजूक जागा फाटतात. बाहेरून बघणाऱ्याला फक्त लाल डोळा दिसतो.

तुमच्या मुलाच्या डोळ्यात रक्त साठलं होतं, म्हणजे बुबुळाच्या मागच्या रंगीत पडद्याच्या मुळाशी काहीतरी फाटलं होतं. रक्त जिरलं, चांगलं झालं, पण ज्या जागेतून ते आलं ती जागा बघायला हवी. डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होत असतं आणि ते रंगीत पडद्याच्या कडेला जो बारीक कोपरा असतो तिथून बाहेर जातं, घरातल्या मोरीच्या जाळीसारखं. मारानं हा कोपरा मागं सरकतो किंवा फाटतो. सुरुवातीला पाणी तरीही निघून जातं, डोळ्याच्या आतलं प्रेशर नॉर्मल येतं, पेशंट म्हणतो मी बरा झालो. मग त्या जागी हळूहळू व्रण धरतो आणि प्रेशर चढायला लागतं, कुणाला काही महिन्यांत, कुणाला दोन-तीन वर्षांत आणि कुणाला दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा. हाच मार लागल्यानंतरचा काचबिंदू. तो दुखत नाही, लाल होत नाही, आधी बाजूची नजर खातो आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूससुद्धा काचबिंदूत अर्धी नस घालवून बसलेला असू शकतो, आणि गेलेली नजर कुठल्याही औषधानं, ऑपरेशननं परत येत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त काळजी याच एका गोष्टीची वाटते, कारण लोक येतात तेव्हा तो मार ते विसरून गेलेले असतात.

म्हणून आता गोनिओस्कोपी करून घ्या. भूल देणारा थेंब टाकून डोळ्यावर एक आरशाची लेन्स ठेवतात आणि तो कोपरा बघतात, दुखत नाही, पाचेक मिनिटांचं काम. ही तपासणी मार ताजा असताना लगेच करत नाहीत कारण दाबानं पुन्हा रक्त येऊ शकतं, साधारण महिना-दीड महिन्यानंतर करतात, आणि तिथंच गडबड होते, तोपर्यंत पेशंट गावी परतलेला असतो आणि पहिले डॉक्टर दुसऱ्या गावात राहिलेले असतात. कोपरा अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त फाटलेला असेल तर धोका जास्त. थोडा असला तरी वर्षातून एकदा दोन्ही डोळ्यांचं प्रेशर बघायचं आणि डोळ्याची नस तपासायची, जन्मभर. साधारण १० ते २१ हे प्रेशर नॉर्मल धरतात. चढलेलं सापडलं तर बऱ्याच जणांचं थेंबांवर भागतं.

आता बाहुलीचं. बाहुली लहान करणारा गोल स्नायू मारानं फाटतो, मग ती उजेडात आकसत नाही आणि ट्रकचा लाईट सरळ आत घुसतो. सात-आठ महिन्यांनंतर ही बाहुली पूर्ण पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही, बहुधा थोडी मोठीच राहील. उन्हात जायचं तर गडद होणारा चष्मा लावायचा, रात्री त्रास होतोय तोवर गाडी चालवायची नाही. पण नुसती बाहुली आहे की आत मोतीबिंदूही धरायला लागलाय हे बघायला लागेल, कारण मार लागलेल्या डोळ्यात विशीतसुद्धा मोतीबिंदू होतो, फुलाच्या पाकळ्यांसारखा दिसतो तो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही. त्याचं ऑपरेशन होतं, पण ज्या धाग्यांवर डोळ्यातली लेन्स टांगलेली असते तेही ढिले झालेले असू शकतात, त्यामुळं सर्जनला मार लागल्याचं आधी सांगायचंच.

काळ्या ठिपक्यांकडं मात्र या आठवड्यातच बघा. पुढच्या महिन्यावर ढकलू नका. थेंब टाकून बाहुली मोठी करायची आणि मागचा पडदा अगदी कडेपर्यंत तपासायचा. मारानं पडद्याच्या कडेला चीर जाते आणि पडदा सुटायला कधी कधी काही महिने लागतात. चीर सापडली आणि पडदा अजून जागेवर असला तर लेसरनं काम होऊन जातं. एकदम ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला, डोळ्यात वीज चमकल्यासारखी वाटली किंवा बाजूनं काळा पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांचा विभाग असलेल्या दवाखान्यात जायचं. सिव्हिलला गेलात तरी चालेल, पण सकाळची वाट बघायची नाही.

रेल्वेचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. लोको पायलटला ए-वन मेडिकल लागतं, दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६ पाहिजेत आणि त्याबरोबर रंग, दोन्ही डोळ्यांची एकत्र नजर, बाजूची नजर, रात्रीची नजर हेही बघतात. आज त्याची ६/६ येतेय, पण लाईट सहन होत नाही हे कोपऱ्यात टाकून देऊ नका. आधी पूर्ण तपासणी करा, रिपोर्ट हातात येऊ द्या आणि मग मुलाशी बसून मोकळेपणानं बोला. रेल्वेत इतरही पदं आहेत ज्यांची नजरेची अट एवढी कडक नाही, त्याची तयारी बरोबरीनं चालू ठेवली तर दोन वर्षांनी धक्का बसणार नाही. आणि मेडिकलला मार लागल्याचं लपवायला त्याला सांगू नका, त्याच्या मागं अख्खी गाडी भरून माणसं बसणार आहेत.

अजून एक, हे सगळ्यांसाठी. डोळा लाल झाला की मेडिकलमधून पूर्वीचाच थेंब परत आणायचा, ही आपल्याकडं फार वाईट सवय आहे. त्या बाटल्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. डॉक्टर ते मोजून देतात, पण स्वतःच्या मनानं महिनोन् महिने टाकलं तर त्यानंच प्रेशर चढतं आणि मोतीबिंदूही होतो, मग मारानं झालं की थेंबानं हेसुद्धा कळत नाही.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, शाळेत शिक्षिका. दिवाळीच्या सुट्टीत सगळे भाऊ-बहिणी रिसॉर्टला गेलो होतो तिथं पेंटबॉल छातीवर लागला. काळंनिळं झालेलं तीन आठवड्यांत गेलं, पण आत एक टणक गाठ राहिलीय. सासूबाई तेल लावून चोळायला सांगतात. दवाखान्यात जायचं म्हणजे काय सांगायचं, लाज वाटते. – जुळे सोलापूरहून

उत्तर : ताई, मी डोळ्यांची डॉक्टर, म्हणून तुमचं पत्र आमच्या सर्जन मैत्रिणीला दाखवून हे लिहितेय. चोळणं आजपासून बंद. शेकही नको.

मारानं आतली चरबी मरते आणि तिथं टणक गाठ होते, असं होतं आणि ते कॅन्सरमध्ये बदलत नाही. बऱ्याच वेळा काही महिन्यांत ती लहान होत जाते, कधी कधी तशीच कडक होऊन राहते. अडचण अशी आहे की हाताला ती कॅन्सरच्या गाठीसारखीच लागते, वरची कातडी ओढली गेल्यासारखीही दिसू शकते. मार लागल्यानं कॅन्सर होत नाही, पण आधीपासून असलेली गाठ मारामुळं पहिल्यांदा हाताला लागते असं होतं. म्हणून मार लागला होता, त्याचीच गाठ असेल, असं घरी बसून ठरवायचं नाही. सोनोग्राफी, तुमच्या वयाला बहुधा मॅमोग्राफीही, आणि शंका राहिली तर सुईनं तुकडा काढून तपासणी. एवढ्यात उत्तर मिळतं. लाजेचं म्हणाल तर लेडी डॉक्टरकडं जा आणि "खेळताना मार लागला होता, गाठ राहिलीय" एवढं एकच वाक्य बोला, पुढचं त्या विचारतील.

हे लिहितेय तर पोरांच्या आयांनाही सांगून ठेवते. मुलग्यांना हाच मार जांघेत, अंडकोषावर बसतो आणि ते घरी सांगत नाहीत. सूज आली, दुखणं तास-दोन तासांत कमी झालं नाही, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. आत फाटलं असेल तर लवकर ऑपरेशन झालं तरच अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली, उशीर झाला की तो काढावा लागू शकतो. आणि ज्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यानं हा खेळ खेळूच नये.

प्रश्न : पेंटबॉल कानावर लागला, तेव्हापासून कानात शिट्टी वाजते. दोन महिने झाले. – विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : कानाच्या डॉक्टरांकडं जा आणि ऐकण्याची तपासणी करून घे. कानावर हवा दाबून बसली की पडदा फाटतो, लहान भोक बहुतेकदा आपोआप भरतं, पण दोन महिने शिट्टी म्हणजे आतल्या कानालाही धक्का बसलेला असू शकतो. तोवर कानात तेल नाही, पाणी नाही आणि हेडफोन मोठ्यानं नाही. लागलं तेव्हाच ऐकायला कमी आलं होतं का ते त्यांना नक्की सांग.

प्रश्न : आमच्या भाच्याला गड्ड्याच्या यात्रेतनं पाण्याचे मणी उडवणारी बंदूक घेऊन दिली. जेलचे मऊ मणी असतात. ते डोळ्याला लागले तरी काही होत नाही ना? वय ७. – कारखान्यात वार्पर, अशोक चौक

उत्तर : होतं. मणी मऊ असला तरी जवळून सुटला की बुबुळावर ओरखडा येतो, आत रक्तही साठू शकतं, आणि हे खेळणं म्हणून विकलं जातं त्यामुळं त्याच्याबरोबर नीट चष्मा नसतो, असला तर पोरं घालत नाहीत. सात वर्षांच्या वयाची अजून एक काळजी. या वयात नजर अजून पक्की होत असते, एक डोळा मारानं काही महिने अंधुक राहिला तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो, मग आतलं सगळं दुरुस्त झालं तरी नजर आळशी राहते. मोठ्या माणसाला हा धोका नसतो. त्यामुळं लहान मुलाला मार लागला की दुसऱ्या दिवशी नीट दिसतंय म्हणतोय, यावर थांबायचं नाही, मुलं दुसऱ्या डोळ्यानं काम चालवतात आणि त्यांना स्वतःलाही कळत नाही. एक डोळा झाकून बघा, मग दुसरा.

आणि ते कोरडे मणी घरात सांडू देऊ नका. धाकट्या भावंडानं गिळले तर पोटात पाणी पिऊन फुगतात आणि आतडं अडतं, ऑपरेशनची वेळ येते. माझं मत विचाराल तर बंदूक काढून टाका, भाच्याला दुसरं काहीतरी घ्या.

प्रश्न : शहराबाहेर छोटा गेम झोन सुरू करतोय. मास्क मागवलेत. अजून काय बघायचं? उन्हात मास्कवर वाफ धरते आणि गिऱ्हाईक काढून टाकतात. – एक व्यावसायिक

उत्तर : तुम्ही विचारलंत याचा मला खरंच आनंद झाला, कारण तुमच्या एका नियमावर पोरांचे डोळे अवलंबून आहेत. पेंटबॉलमधल्या बहुतेक डोळ्यांच्या इजा मास्क घातलेला नसताना किंवा मध्येच वर केलेला असताना होतात. ही बंदूक मुळात अमेरिकेत जंगलातली झाडं आणि जनावरं लांबून रंगानं खुणवायला वापरायचे, १९८१ साली न्यू हॅम्पशायरमध्ये पहिल्यांदा तिच्यावर खेळ झाला. माणसाच्या डोळ्याचा विचार करून ती बनलेली नाही, तो विचार मास्कच करतो.

मास्क पेंटबॉलचाच हवा, एएसटीएम एफ-१७७६ हे मानक त्यावर लिहिलेलं असतं. गॉगल, कारखान्यातला सेफ्टी चष्मा, हेल्मेटची काच यातलं काहीही चालत नाही. वाफेसाठी दुहेरी काचेचे मास्क मिळतात, महाग आहेत पण तेच घ्या, कारण सोलापूरच्या ४२ डिग्रीत घामानं साध्या काचेवर वाफ धरणारच आणि माणूस मास्क वर करणारच. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच खेळवा. काच पॉलिकार्बोनेटची असते, ती स्पिरिटनं किंवा थिनरनं पुसायची नाही, त्यानं ठिसूळ होते. थेट जोरात गोळी बसली, तडा गेला तर लगेच बदला, नाहीतर वर्षाला बदला. आतमध्ये मास्क पुसायचा असेल तर खेळ थांबवून त्या माणसाला जाळीच्या बाहेर आणायचं, मगच हात लावू द्यायचा. जाळीबाहेर बंदुकीच्या तोंडावर टोपी चढलेलीच हवी, कारण खेळ संपल्यावर फोटो काढताना सुटलेली गोळीही तेवढ्याच वेगाची असते. रोज सकाळी क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग मोजा, सेकंदाला ३०० फुटांच्या वर एकही बंदूक मैदानात नको. गोळ्या फ्रीजरमध्ये ठेवून कडक करणारे महाभाग असतात, बाहेरून आणलेल्या गोळ्या वापरूच देऊ नका.

लागलंच तर काय करायचं हे तुमच्या पोरांना पाठ करून घ्या. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, उघडून बघायचा नाही, पाण्याचा मारा करायचा नाही. कागदी कपाचा तळ कापून डोळ्याला न टेकता हाडावर बसेल असा चिकटवायचा, डोकं उंच ठेवून बसवायचं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन द्यायची नाही, त्यानं रक्त जास्त येऊ शकतं. आत रक्त साठलेल्या डोळ्यात दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती असते आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो, म्हणून त्या आठवड्यात पळणं, वजन उचलणं, बसचा लांब प्रवास बंद. गोळीतला रंग मात्र फारसा विषारी नसतो, जिलेटिनचं कवच आणि आत पाण्यात विरघळणारं द्रव्य असतं, त्याची भीती बाळगून डोळा धूत बसू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांची. ऑफिसच्या ट्रिपमध्ये डाव्या डोळ्याला पेंटबॉल लागला, डोळा फुटला होता, दोन ऑपरेशन झाली, आता त्या डोळ्यानं फक्त उजेड-अंधार कळतो. स्कूटर चालवू का? सर्टिफिकेट मिळतं का? घरचे म्हणतात लग्नाच्या वेळी सांगू नको. – नवी पेठ

उत्तर : बाळा, तुझं पत्र दोन-तीनदा वाचलं. जे झालं ते मोठं आहे आणि तू ज्या शांतपणे विचारतेयस त्याचं मला कौतुक वाटतं.

सगळ्यात आधी उजवा डोळा. आता तुझं सगळं त्याच्यावर आहे, त्यामुळं नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या काचेचा चष्मा घरातही लाव, स्वयंपाक करताना, नारळ फोडताना, लहान मुलांशी खेळताना. डोळा फुटलेल्या पेशंटमध्ये क्वचित असं होतं की शरीर दुसऱ्या चांगल्या डोळ्याविरुद्धच उठतं, काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही. उजवा डोळा लाल झाला, उजेड टोचायला लागला, अंधुक दिसलं तर त्याच दिवशी जा आणि डाव्या डोळ्याला काय झालं होतं ते पहिल्या वाक्यात सांग. वेळेत औषध सुरू झालं तर नजर वाचवता येते.

सर्टिफिकेटचं : एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर सरकारी हिशेबात ३० टक्के धरतात. बहुतेक सवलतींना आणि आरक्षणाला ४० टक्के लागतात, त्यामुळं त्याच्या भरवशावर बेत आखू नकोस. हे मला अन्यायाचं वाटतं, पण आज नियम असा आहे. सगळे कागद, ऑपरेशनचे रिपोर्ट, बिलं, ट्रिपचे मेसेज एका फाईलीत ठेव, ऑफिसच्या विम्यासाठी किंवा भरपाईसाठी वकिलाला विचारायचं झालं तर लागतील.

लग्नाचं विचारलंस म्हणून सांगते, सांगायचंच. लपवलेलं पहिल्याच वर्षी कळतं आणि मग बोलणं डोळ्याचं राहत नाही, विश्वासाचं होतं. यात तुझा काही दोष नाही. डोळा लहान दिसत असेल तर वरून बसवायचं रंगीत कवच मिळतं, दुसऱ्या डोळ्याशी हुबेहूब जुळवून करतात, डॉक्टरांना विचारून घे.

स्कूटर लगेच नको. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो, सुरुवातीला चहा कपाबाहेर ओतला जातो, पायरी चुकते, सुईत दोरा जात नाही. मेंदू शिकतो, काही महिन्यांत, कुणाला वर्षभरात. तोवर गर्दीत उजव्या बाजूला कुणालातरी न ठेवता डाव्या बाजूला ठेवून चाल, म्हणजे न दिसणारी बाजू झाकली जाईल, आणि मान वळवून बघायची सवय लाव. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची बाजूची नजर तपासून हो म्हटलं आणि परवान्याचे नियम आरटीओत विचारून झाले की सकाळी रिकाम्या मैदानात सुरुवात कर, मग गल्लीतून, आणि मधला मारुती किंवा सात रस्त्याच्या गर्दीत सगळ्यात शेवटी. हेल्मेटची काच खाली आणि आत चष्मा, दोन्ही.